झाशीचा किल्ला आणि चौथीचा वर्ग : लहान मुलांना इतिहास कसा शिकवावा?

उत्तर प्रदेशातील झाशी रेल्वे स्थानकाला २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. स्थानकावर उतरलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने ‘ही कोण?’ असे विचारले, तर त्याला उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. ‘पण हे आपल्याला कसे कळले?’ असा पुढचा प्रश्न त्याने विचारला, तर उत्तर देणारे कमी असतात. प्राथमिक शाळेत इतिहास कसा शिकवावा, या जुन्या वादाचे मूळ या दुसऱ्या प्रश्नात आहे. लहान मुलांना केवळ गोष्ट सांगावी आणि पुराव्याची चर्चा मोठ्या वर्गांसाठी राखून ठेवावी, असे एक मत आहे. गोष्टीबरोबरच तिचा आधार सांगितला नाही, तर मूल पुढेही आधार मागत नाही, असे दुसरे मत आहे. झाशीचे उदाहरण या दुसऱ्या मताला बळ देणारे आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार प्राथमिक स्तरावर इतिहास हा स्वतंत्र विषय नाही. तिसरी ते पाचवीच्या वर्गांत तो परिसर अभ्यासाचा भाग म्हणून येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तयार झालेल्या २०२३ च्या आराखड्यातही हीच रचना कायम राहिली. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात कालरेषा आणि इतिहासाची साधने यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. साधनांचा असा पद्धतशीर परिचय मुलाला वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास होतो.

महाराष्ट्रातील परंपरा थोडी वेगळी आहे. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवण्याची प्रथा अनेक दशकांची असून, मराठी माणसाच्या इतिहासाच्या पहिल्या आठवणी बहुधा त्याच पुस्तकाशी जोडलेल्या असतात. मात्र त्याच चरित्रातील जन्मतारखेविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते, हे चौथीतल्या मुलाला क्वचितच सांगितले जाते. पूर्वी १६२७ हे जन्मवर्ष प्रचलित होते. कागदपत्रांच्या अभ्यासानंतर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली आणि राज्य शासनाने ती २००१ मध्ये स्वीकारली. तारीख बदलली म्हणून महाराजांची थोरवी उणावली नाही. उलट, इतिहासकार नेमके काय काम करतात, हे मुलाला सांगण्याची ती उत्तम संधी आहे.

काळाची जाण

लहान मुलांना ‘आधी’ आणि ‘नंतर’ लवकर उमगते. ‘किती आधी’ हे मात्र उशिरा उमगते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन काही शिक्षणतज्ज्ञांनी इतिहास हा विषय लहान वयात झेपणारा नाही, असा निष्कर्ष काढला होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये याच्या विरुद्ध भूमिका मांडली. कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला, त्याच्या वयाला साजेशा पण प्रामाणिक रूपात शिकवता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. येथे ‘प्रामाणिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सोपे करताना खोटे होऊ नये, एवढीच त्याची अट आहे.

काळाचे अंतर दाखवण्यासाठी एक दोरी पुरेशी होते. दर दहा वर्षांना एक हात दोरी धरली, तर आजीचा जन्म साधारण सहा हातांवर येतो आणि देशाचे स्वातंत्र्य जवळपास आठ हातांवर. राणी लक्ष्मीबाईंचा मृत्यू १८५८ मध्ये झाला. तिथे गाठ मारण्यासाठी सुमारे सतरा हात दोरी सोडावी लागते. झाशीचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधण्यास घेतला. ती गाठ एक्केचाळीस हातांपलीकडे जाते आणि दोरी वर्गाच्या दाराबाहेर पडते. किल्ला राणींनी बांधला, असा समज असणाऱ्या मुलाला ही दोरी पाहून शंका येते. राणींच्या काळीही तो किल्ला दोन शतकांहून जुना होता, हे त्याला न सांगता दिसते.

माहिती कुणी दिली?

झाशीच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मराठीत आहे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी आपली हकिगत लिहून काढली. चिंतामणराव वैद्य यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली.

दुसरे साधन जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलाचे आहे. संस्थान खालसा झाल्यानंतर, १८५४ मध्ये, राणींनी सल्ल्यासाठी त्यांना बोलावून घेतले होते. भेट पडद्याआडून झाली. बोलणे चालू असताना लहानग्या दत्तक पुत्राच्या हातून पडदा बाजूला झाला आणि लँग यांना राणी क्षणभर दिसल्या. त्यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात राणींचे जे वर्णन केले, ते त्या क्षणावर आधारलेले आहे. चौथीतल्या मुलाला हे सहज समजते. एकाने वेढा अनुभवला पण पुष्कळ वर्षांनी लिहिले. दुसऱ्याने लवकर लिहिले पण फार थोडे पाहिले. कोणाचे काय मानायचे, यावर वर्गात चर्चा होऊ शकते.

राणींच्या जन्मवर्षाबाबतही असेच आहे. ते सामान्यतः १८२८ मानले जाते. काही अभ्यासक १८३५ मानतात. १९ नोव्हेंबर ही जन्मतारीख धरून वजाबाकी केली, तर मृत्युसमयी त्यांचे वय एका हिशेबाने २९ आणि दुसऱ्या हिशेबाने २२ येते. १८४२ मध्ये विवाह झाला तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या की ६ वर्षांच्या? वजाबाकीची दोन उदाहरणे सोडवताना मुलाला कळते की एका आकड्याने सबंध चित्र बदलते.

उडी की दरवाजा?

झाशीच्या किल्ल्यात एक जागा पर्यटकांना आवर्जून दाखवली जाते. पाठीशी मुलाला बांधून राणींनी घोड्यासह तटावरून उडी घेतली ती हीच जागा, असे सांगण्यात येते. एप्रिल १८५८ च्या पहिल्या आठवड्यात इंग्रज फौज शहरात शिरल्यावर राणी रातोरात काल्पीकडे निघून गेल्या, हे निश्चित आहे. अनेक लिखित वृत्तांतांत मात्र त्या भांडेरी दरवाजाने बाहेर पडल्याचे म्हटले आहे.

ही उडी मुलांच्या मनातून पुसून टाकण्याची गरज नाही. लोक तिची आठवण का ठेवतात, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. तटाची उंची पाहून ‘घोड्याचे काय झाले असेल?’ असे मूल स्वतःच विचारते. त्या वेळी त्याला गप्प न करणे, एवढेच शिक्षकाकडून अपेक्षित आहे.

पुतळ्यांविषयीही हेच म्हणता येईल. अश्वारूढ पुतळ्यांत राणींच्या पाठीशी अगदी लहान बालक दाखवलेले असते. दत्तक पुत्र दामोदरराव वेढ्याच्या वेळी साधारण आठ ते दहा वर्षांचे होते, म्हणजे आजच्या तिसरी-चौथीतल्या मुलाएवढे. ते त्या संकटातून वाचले, पुढे इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याच वयाचा एक मुलगा त्या रात्री घोड्यावर होता, हे समजल्यावर वर्गातील मुले तो प्रसंग वेगळ्या नजरेने पाहतात.

तलवारीच्या आधी कागद

प्राथमिक पुस्तकांत राणींचे चित्र बहुधा तलवारीसह असते. घटनाक्रम पाहिला तर तलवारीच्या आधी कागद येतो. गंगाधरराव नेवाळकर यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, मुलगा दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी हे दत्तविधान राज्याच्या वारशासाठी अमान्य केले आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणींनी त्याविरुद्ध अर्ज केले, जुन्या करारांचे दाखले दिले, वकिलांचा सल्ला घेतला. यश आले नाही.

‘दत्तक मुलगा खरा मुलगा की नाही? आणि ते कोणी ठरवायचे?’ हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला पूर्णपणे समजतो, कारण न्याय आणि अन्याय यांची जाण त्याला सनावळीच्या कितीतरी आधी आलेली असते. खालसा धोरणाची व्याख्या पाठ करण्यापूर्वी हा प्रश्न वर्गात आला, तर पुढे ती व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

हिंसेविषयी काय सांगावे?

हा सर्वांत अवघड भाग आहे. जून १८५७ मध्ये झाशीतील जोखनबाग येथे युरोपीय स्त्री-पुरुष आणि मुलांची हत्या झाली. एप्रिल १८५८ मध्ये शहर जिंकल्यावर इंग्रज फौजेने रहिवाशांची कत्तल केली आणि लूट केली. गोडसे यांनी त्या दिवसांची भीषणता लिहून ठेवली आहे. राजवाड्यातील मौल्यवान ग्रंथसंग्रहाची धूळधाण कशी झाली, तेही त्यांनी सांगितले आहे.

लहान मुलांपुढे रक्तपाताचे तपशील मांडू नयेत, याविषयी दुमत नाही. पण एकाच बाजूची हिंसा सांगून दुसरी लपवणे, हे ब्रूनर यांच्या ‘प्रामाणिक’ या अटीत बसत नाही. ‘दोन्ही वेळा निरपराध माणसे मारली गेली आणि त्यात मुलेही होती’ हे एक वाक्य त्या वयाला पुरेसे आहे. ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हकिगत मात्र सविस्तर सांगता येते. पुस्तके नष्ट झाली तर पुढच्या लोकांना कसे कळणार, हा प्रश्न तिच्यातून आपोआप निघतो.

ज्यांची नावे कागदावर आली नाहीत

झलकारीबाई या कोरी समाजातील स्त्रीने राणींचा वेष घेऊन शत्रूला चकवले, अशी कथा बुंदेलखंडात प्रसिद्ध आहे. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीने ती दूरवर पोहोचवली आणि २००१ मध्ये झलकारीबाईंवर टपाल तिकीटही निघाले. ही स्मृती मुख्यतः लोकांच्या तोंडून पुढे आलेली आहे. तिला केवळ दंतकथा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही आणि सरकारी कागदाच्या बरोबरीने ठेवणेही योग्य नाही. कोणाबद्दल लिहिले गेले आणि कोणाबद्दल नाही, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. किल्ल्यातील गोलंदाज गुलाम गौस खान यांची कबर हाही असाच एक पुरावा आहे. तो वाचावा लागत नाही; तिथे जाऊन पाहावा लागतो.

शिक्षकापुढील अडचणी

हे सारे सांगणे सोपे असले, तरी वर्गात करणे सोपे नाही. पटसंख्या मोठी असते, सहलीला पैसे नसतात आणि परीक्षेत ‘राणी लक्ष्मीबाईंचा जन्म कधी झाला?’ या प्रश्नाला एकच उत्तर अपेक्षित असते. दोन वर्षे लिहिणाऱ्या मुलाचा गुण जातो. त्यामुळे खरा बदल प्रश्नपत्रिकेत व्हावा लागेल. ‘कधी झाला?’ याच्या जोडीला ‘हे कशावरून समजते?’ असा एक गुणाचा प्रश्न विचारला, तरी शिकवण्याची दिशा बदलू शकते.

किल्ला प्रत्येक गावात नसतो. पण जुनी विहीर, देवळाच्या भिंतीवरील शिळा, घरातले जुने रेशन कार्ड, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला यांपैकी काही ना काही प्रत्येक मुलाच्या आसपास असते. झाशीच्या तटाला आजही एका दरवाजाचे नाव खंडेराव दरवाजा असे आहे. बुंदेलखंडातल्या शहरात हे मराठी नाव कसे आले, एवढे विचारले तरी मराठ्यांच्या उत्तरेकडील वाटचालीचा धडा तिथून सुरू होऊ शकतो.