पाचारण कसे ओळखावे?

बी. ए. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आपणा सर्वांनाच विचारला जातो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. धाकट्या भावंडांचे शिक्षण माझ्या पगारावर व्हावे, अशी वडिलांची अपेक्षा आहे. माझ्या मनात मात्र गेले वर्षभर ख्रिस्ती सेवाकार्यात जावे असे घोळत आहे. अशा बोलावण्याला मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘पाचारण’ म्हणतात. ते खरे, की केवळ हौस, हे ओळखावे कसे?

पहिली कसोटी वडीलधाऱ्यांची. बायबलमधील बालक शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा वृद्ध एलीकडे धावला. हाक शमुवेलास आली. ती कोणाची हे एलीने ओळखले. आजही मंडळी व पाळक इच्छुकाचे वागणे पारखतात. पुढे धर्मशिक्षण व अखेरीस दीक्षा.

दुसरी कसोटी काळाची. रेव्हरंड ना. वा. टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ च्या फेब्रुवारीत. मधला काळ वाचनात व शंकांत गेला. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही ते आपले पाचारण नव्याने शोधतच होते.

तिसरी कसोटी घराची, आणि ती सर्वांत कठीण. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून. टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. पाचारण उसने घेता येत नाही, आणि एकाच्या पाचारणाची किंमत सारे घर मोजते, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते.

शिवाय सेवा पाळकानेच करावी असे नाही. शिक्षक, परिचारिका, कारकूनही ती करू शकतात. म्हणून भावंडांची जबाबदारी ही मला वाटेतली धोंड वाटत नाही. त्यांना वाऱ्यावर सोडून मी कोणाची सेवा करणार? पदवी पूर्ण करावी, दर रविवारी पाळकांबरोबर आजाऱ्यांच्या भेटीस जावे आणि सुट्टीत वडिलांपाशी हा विषय काढावा, असे मी ठरविले आहे. त्यांचे म्हणणे ऐकणे हाही त्या पारखीचाच भाग आहे.