वर्तुळ ताणल्यास किती खडबडीत होते? गणितज्ञांनी शोधलेली मर्यादा

ऑगस्ट २०१० मध्ये हैदराबाद येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय गणितज्ञ परिषदेत तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते चार गणितज्ञांना फील्ड्स पदक प्रदान करण्यात आले. त्यांपैकी रशियाचे स्तानिस्लाव स्मिरनॉव्ह यांचा गौरव सांख्यिकीय भौतिकीशी निगडित संशोधनासाठी झाला. त्याच वर्षी 'अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यांचा अवघ्या नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय वेगळा होता. वर्तुळ मर्यादेत राहून ताणले, तर त्याची रेषा किती खडबडीत होऊ शकते, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

येथे 'मर्यादा' या शब्दाला नेमका अर्थ आहे. मर्केटर यांच्या जगाच्या नकाशात ग्रीनलँड अवास्तव मोठे दिसते. मात्र पृथ्वीवरील अगदी सूक्ष्म वर्तुळ नकाशावरही वर्तुळच राहते. अशा चित्रणाला कन्फॉर्मल म्हणतात. सूक्ष्म वर्तुळांची लंबवर्तुळे होऊ दिली, पण त्यांची लांबी रुंदीच्या ठराविक पटीपेक्षा कोठेही अधिक होऊ दिली नाही, तर ते चित्रण क्वासीकन्फॉर्मल ठरते. त्याचा अभ्यास १९२८ मध्ये जर्मनीचे हर्बर्ट ग्रोत्श यांनी सुरू केला.

इतका सौम्य ताण वर्तुळाला फारसा बिघडवणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. रेषेचा भाग कितीही मोठा करून पाहिला, तरी प्रत्येक पातळीवर ताणाला पुन्हा वाव असतो आणि त्याचा परिणाम साचत जातो. अखेरीस वर्तुळाची अनंत लांबीची, कोठेही गुळगुळीत नसलेली रेषा होऊ शकते. अशी रेषा म्हणजेच फ्रॅक्टल.

स्वीडनचे हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या वक्रापासून बनणारी हिमकणाची आकृती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सरळ रेषेचे एक-तृतीयांश मापाचे तुकडे केले, तर तीन मिळतात, चौरसाचे नऊ. कॉख यांच्या वक्राचे मात्र चार मिळतात. म्हणून त्याची मिती रेषेच्या १ आणि चौरसाच्या २ यांच्या दरम्यान, सुमारे १.२६ येते.

कोणती बंद रेषा अशा प्रकारे वर्तुळापासून घडवता येते, याची सोपी कसोटी लार्स आल्फोर्स यांनी १९६३ मध्ये दिली. रेषेवरील कोणतेही दोन बिंदू घेतले असता त्यांना जोडणारा लहान भाग त्यांच्यातील अंतराच्या ठराविक पटीपलीकडे भरकटता कामा नये. हिमकण या कसोटीला उतरतो.

प्रश्न उरला तो मोजमापाचा. लंबवर्तुळाच्या लांबी-रुंदीच्या कमाल गुणोत्तरातून १ वजा करून, त्या उत्तराला गुणोत्तर अधिक १ या संख्येने भागले, की ताणाचे माप मिळते. दुपटीच्या ताणासाठी ते १/३ येते. फिनलंडचे कारी अस्ताला यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार रेषेची मिती १ अधिक या मापापेक्षा जास्त होत नाही. म्हणजे दुपटीच्या ताणाला कमाल १.३३. खरी मर्यादा १ अधिक मापाचा वर्ग असावी, असे त्यांचे अनुमान होते. स्मिरनॉव्ह यांनी तेच सिद्ध केले आणि १.३३ ची मर्यादा १.११ वर आली.

हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी त्याचे परिणाम ठोस आहेत. हिमकणाच्या १.२६ या मितीवरून उलट हिशेब केला, तर वर्तुळापासून तो घडवण्यासाठी तिपटीहून थोडा अधिक ताण अपरिहार्य ठरतो. कितीही चातुर्य वापरले, तरी दुपटीच्या ताणात ते साधणार नाही.

स्मिरनॉव्ह यांची मर्यादा प्रत्यक्षात गाठता येते का, याचे उत्तर अनपेक्षित निघाले. हाकन हेडेनमाल्म यांच्या कामाचा आधार घेऊन ओलेग इव्ह्री यांनी २०१५ मध्ये दाखवले, की ताण लहान असताना वर्गाला लागणारा गुणक १ पेक्षा किंचित कमी असतो. तो ०.८७९ पेक्षा मात्र मोठा आहे, हे अस्ताला, इव्ह्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधीच सिद्ध केले होते.