फ्रोझन शोल्डर
फ्रोझन शोल्डर किंवा गोठलेला खांदा (वैद्यकीय नाव: ॲडहेसिव्ह कॅप्सुलायटिस) हा खांद्याचा सांधा दुखून हळूहळू आखडत जाण्याचा विकार आहे. या सांध्याभोवती पिशवीसारखे लवचीक आवरण असते. विकारात त्याचा दाह होतो, ते जाड होऊन आक्रसते आणि हात फिरण्यास जागा उरत नाही. अमेरिकी शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे नाव रूढ केले. नावात गोठणे असले, तरी थंडीशी त्याचा संबंध नाही.

हा विकार प्रामुख्याने ४० ते ६० या वयात, आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. बहुधा नेमके कारण सापडत नाही. अस्थिभंग, शस्त्रक्रिया वा पक्षाघातामुळे हात दीर्घकाळ स्थिर राहिल्यासही तो उद्भवतो. मधुमेह व थायरॉईडचे विकार असलेल्यांना धोका जास्त असतो. म्हणून दुखणे ‘वयाचा वात’ समजून सोडून न देता रक्तातील साखर तपासणे इष्ट ठरते. काहींना आपल्या मधुमेहाचा पत्ता याच निमित्ताने लागतो.

आरंभी वेदना तीव्र असते, विशेषतः रात्री त्या कुशीवर झोपल्यास. पुढे वेदना ओसरते, पण ताठरता वाढते: वेणी घालणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, फळीवरचा डबा काढणे कठीण होते. त्यानंतर हालचाल सावकाश परतते. हा सारा प्रवास साधारणतः एक ते तीन वर्षांचा असतो. काहींमध्ये थोडा ताठरपणा उरतो.

== निदान ==
स्नायुबंध फाटला असल्यास रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास तो बहुधा वर जातो. गोठलेला खांदा मात्र दुसऱ्यानेही हलत नाही. कोपर अंगाशी टेकवून हात बाहेर वळवण्याची हालचाल सहसा सर्वाधिक खुंटते. क्ष-किरण चित्र बहुधा निर्दोष असते. संधिवातासारखी अन्य कारणे वगळण्यासाठी ते काढतात.

== उपचार ==
वेदनाशामके व सांध्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन सुरुवातीच्या काळात उपयोगी पडते. मधुमेहींची साखर त्याने काही दिवस वाढू शकते. पुढे झुकून हात लंबकासारखा झुलवणे, बोटांनी भिंत चढणे असे व्यायाम रोज, सोसेल इतकेच करावेत. वेदनेच्या भीतीने हात गळ्यात बांधून ठेवणे जितके अपायकारक, तितकेच दुखऱ्या अवस्थेत तो जोराने ओढून घेणेही. दीर्घ उपचारांनी गुण न आल्यास भूल देऊन सांधा मोकळा करतात किंवा दुर्बिणीद्वारे आवरण छेदतात. व्यायाम त्यानंतरही चुकत नाही. बऱ्या झालेल्या खांद्यात विकार क्वचितच उलटतो, दुसऱ्या खांद्यात मात्र तो कालांतराने होऊ शकतो.