उचल किती, अंतर किती?

आपल्या घराण्यांचा बांधकामाशी थेट संबंध नाही, असे वरवर पाहता वाटते. व्यापार कापडाचा, धान्याचा, सोन्याचांदीचा किंवा संगमरवराचा. तथापि भिवंडीच्या रस्त्याला लागलेली गोदामे कोणाची, कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्याची गुंडाळी उतरवून घेणारे कोण, गावच्या शिखरबंद मंदिराच्या जीर्णोद्धाराची समिती कोणाची, असे प्रश्न विचारले की उत्तर आपल्याच पेढीवर येऊन थांबते. या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी क्रेन येते. ती बहुधा फोनवरून मागविली जाते, तासावर किंवा पाळीवर तिचे भाडे ठरते आणि भाड्याखेरीज दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मोठे अपघात सर्वांच्या स्मरणात राहतात. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सरळांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलाची तुळई बसविणारे अवाढव्य यंत्र खाली कोसळले आणि 20 जण दगावले. त्यांतील बरेच जण पोटासाठी परप्रांतांतून आलेले होते. महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. आज 701 किलोमीटरच्या त्या रस्त्यावरून आपलाही माल नागपूरकडे धावतो. परंतु गोदामाच्या दारात हायड्रा उलटून हेल्पर दबला, तर स्थानिक वृत्तपत्रात चार ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरी हायड्रा येते.

क्रेन का उलटते, हे समजण्यास अभियंता असावे लागत नाही. व्यापाऱ्यास तर ते इतरांपेक्षा लवकर समजावे, कारण क्रेन म्हणजे एक तराजूच होय. दांड्याच्या एका बाजूस क्रेनचे स्वतःचे वजन, दुसऱ्या बाजूस उचललेला माल, आणि मधला टेकू म्हणजे तिची पुढची चाके किंवा जॅक. जुन्या पद्धतीच्या रोमन काट्यात तेच लहान वजन दांड्यावर दूर सरकविले की मोठ्या मालाला तोलून धरते. क्रेनमध्ये हाच न्याय उलटा भोवतो. 3 मीटर अंतरावरचा 10 टन माल आणि 6 मीटर अंतरावरचा 5 टन माल, दोहोंचा क्रेनला पालथे घालण्याचा जोर सारखाच. म्हणून ‘चौदा टनी हायड्रा’ हे शब्द ऐकून निश्चिंत होणे हा भ्रम आहे. ते चौदा टन केवळ बूम अगदी आखूड आणि माल यंत्राला चिकटून असतानाचे. बूम लांबवीत जावे तसतशी क्षमता घटत जाते आणि काही मीटर पलीकडे ती दोन-तीन टनांवरही येऊ शकते. किती अंतरावर किती उचल, याचा तक्ता प्रत्येक क्रेनसोबत असतो. त्यास लोड चार्ट म्हणतात. तो चालकाच्या केबिनमध्ये वाचता येईल असा लावलेला असावा. प्रत्यक्षात तो पुष्कळदा ग्रीसने माखलेला किंवा फाटलेला आढळतो.

तराजू सपाट पाटावर ठेवावा, हे मुनीमजीही जाणतात. क्रेनच्या जॅकखाली मात्र नुकताच बुजविलेला जलवाहिनीचा खड्डा असतो, किंवा पावसाने फुगलेली काळी माती असते. अशा जागी जाड लाकडी ओंडके किंवा पोलादी पत्रे अंथरून वजन पसरवावे लागते. हायड्राची गोष्ट तर आणखी बिकट. ती माल लटकवून चालते. रस्त्यातील लहानसा खळगा, अचानक दाबलेला ब्रेक, यांनी लटकता माल झोके घेऊ लागतो. त्यातच माल समोर असल्याने चालकास पुढचे दिसत नाही. मग मालाला हाताने धरून हेल्पर त्याच्यासमोर उलटा चालू लागतो. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे आणि त्यात काही वावगे आहे असे कोणासही वाटत नाही. मालाला लांब दोरी बांधून ती बाजूने धरावी, आणि लटकत्या मालाखाली किंवा त्याच्या वाटेत कोणी उभे राहू नये, इतके पाळले तरी किती तरी जीव वाचतील. संगमरवराच्या लाद्या उतरवितानाही तेच. लाद्या उभ्या रचलेल्या असतात. बाजूची एक सुटली की उरलेल्या पत्त्यांसारख्या कलतात, आणि दोन रांगांमधल्या माणसाला निसटावयास जागा राहत नाही.

माल बांधणाऱ्या कसबी कामगारास आपल्याकडे खलाशी म्हणतात. हा शब्द जहाजावरचा, पण कारखान्यांत आणि बांधकामांवरही तो रुळला आहे. खलाशाचे ज्ञान पट्ट्याच्या कोनात असते. दोन पट्ट्यांनी सरळ उभा माल उचलला तर प्रत्येकावर निम्मा भार येतो. तेच पट्टे आडवे ताणून जमिनीशी 30 अंशांचा कोन केला, तर प्रत्येकावर मालाच्या पूर्ण वजनाइतका ताण पडतो. वजन वाढलेले नाही, पट्टा मात्र तुटतो. न्यूयॉर्कमध्ये 15 मार्च 2008 रोजी उत्तुंग टॉवर क्रेनची उंची वाढविताना पाच टनांहून जड पोलादी कडे सिंथेटिक पट्ट्यांवर टांगले होते. पट्टे तुटले, कडे खाली आदळले, क्रेन आडवी होऊन शेजारच्या इमारतींवर कोसळली. सात जण ठार झाले. धारदार कडेवरून पट्टा नेताना मध्ये जाड आवरण घालावे आणि झिजलेला पट्टा कापून फेकून द्यावा, हे नियम काही हजार रुपयांचे आहेत.

त्याच शहरात अडीच महिन्यांनी, 30 मे रोजी, दुसरी टॉवर क्रेन पडली व दोघे गेले. तिच्या फिरत्या बैठकीला पूर्वी तडा गेला होता आणि दुरुस्तीचे वेल्डिंग स्वस्तात करून घेतले, असा क्रेनमालकावर आरोप होता. 2012 मध्ये फौजदारी न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. दिवाणी दाव्यात मात्र 2015 मध्ये ज्युरीने दोन्ही कुटुंबांना मिळून 9 कोटी डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. पुढे ती रक्कम कमी झाली. भाव पाडून घेणे हा व्यापाराचा धर्म खरा, पण वेल्डिंगच्या सांध्याला तो लागू करणे महाग पडते.

वाऱ्याविषयी थोडेच सांगतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 11 सप्टेंबर 2015 रोजी मक्केच्या मशिदीवर वादळात क्रेन पडून शंभराहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. काम नसतानाही तिचा बूम उभाच ठेवलेला होता.

विजेच्या तारांचा धोका मात्र आपल्या गोदामांच्या वसाहतींत रोजचा आहे. अमेरिकेत 50 हजार व्होल्टपर्यंतच्या तारेपासून बूम किमान 3 मीटर दूर ठेवण्याचा दंडक आहे. आपल्याकडे 11 हजार व्होल्टची तार पुष्कळदा फाटकावरूनच गेलेली असते. शक्य असेल तेथे वीज कंपनीस कळवून तेवढा वेळ पुरवठा बंद करवून घ्यावा.

कायदा अपुरा आहे असे मला वाटत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने उचल-यंत्राची किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आवश्यक केली; 1996 मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तसेच, आपल्या नित्याच्या धंद्याचे काम आपल्याच आवारात कंत्राटदाराकडून करविले, तरी मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, हे तत्त्व 1923 पासून चालत आले आहे. ‘माणूस ठेकेदाराचा होता’ हे उत्तर तेथे पुरत नाही. म्हणून क्रेन मागविताना भाड्यासोबत तपासणीचा चालू दाखला, विम्याची प्रत आणि चालकाचा परवाना मागावा. मालाचे वजन अंदाजे नव्हे, बिल्टीवरून सांगावे. आणि इशारा देणारा माणूस एकच असावा. दहा जण हात हलवीत असले तर चालक कोणाचे ऐकणार? ‘थांबा’ हा इशारा मात्र कोणीही दिला तरी तो मानावयाचा असतो.

आणि बूम तारेला लागलाच, तर चालकाने केबिन सोडू नये; बाकीच्यांनी यंत्राला हात न लावता दूर सरावे. आगीमुळे उतरणे भागच पडले, तर क्रेन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होऊ देता दोन्ही पाय जोडून उडी घ्यावी आणि पाय न उचलता, सरपटवीत दूर जावे. हे आपल्या गोदामातील हमालांना आधीच, पावसाळ्यापूर्वी, त्यांच्या भाषेत समजावून सांगितलेले असावे.