जुना सर्व्हर आणि सुरक्षेचे अपडेट

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही. खात्यांच्या नोंदी होत राहतात, पावत्या छापल्या जातात, कर्मचारी रोजच्यासारखे लॉगिन करतात. थांबतात ती फक्त कंपनीकडून येणारी सुरक्षा अपडेट, आणि ती थांबल्याचे बहुतेक कार्यालयांत कुणाच्या लक्षात येत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ ची नियमित अपडेट १४ जुलै २०१५ रोजी थांबवली. सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ ची पाळी १४ जानेवारी २०२० रोजी आली, २०१२ आणि २०१२ आर२ ची १० ऑक्टोबर २०२३ रोजी. लिनक्समधल्या सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली.

अपडेट म्हणजे मुख्यतः प्रोग्राममधल्या चुकांची दुरुस्ती. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोट्यवधी ओळींचा कोड असतो. त्यातली एखादी चूक अशी असते, की बाहेरच्या माणसाने विशिष्ट रचनेचा संदेश पाठवला तर सर्व्हर त्याच्या ताब्यात जातो. दुरुस्ती जाहीर झाली की चूक नेमकी कुठे होती हेही जगाला कळते, कारण जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक शोधता येतो. त्यामुळे अपडेट निघाल्यानंतरचे दिवस ते न लावणाऱ्यासाठी आधीपेक्षा जास्त धोक्याचे असतात.

२०१७ साली हे फार महागात पडून सिद्ध झाले. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याची एसएमबी नावाची व्यवस्था आहे. तिच्या जुन्या आवृत्तीतली गंभीर चूक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी दुरुस्त केली. एप्रिलमध्ये त्याच चुकीवर चालणारे हत्यार इंटरनेटवर उघड झाले आणि १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला. सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइल त्याने कुलूपबंद केल्या. अपडेट येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी ते लावले होते, त्यांच्या मशीनमध्ये त्याला या वाटेने शिरता आले नाही. मुदत कधीच संपलेल्या सर्व्हर २००३ साठीही मायक्रोसॉफ्टने तेव्हा अपवाद म्हणून अपडेट दिले. पण असा अपवाद क्वचित होतो. त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि त्याची झळ थेट महाराष्ट्राला बसली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स हे कंटेनर टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या कंपनीकडून चालवले जाते. समूहाची जगभरची यंत्रणा कोलमडली तसे इथले संगणकही थांबले आणि कंटेनरचे काम हाताने करण्याची वेळ आली. विदर्भातल्या कापसाच्या गाठीही परदेशी जाताना याच बंदराची वाट धरतात. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला व्हायरस यवतमाळच्या व्यापाऱ्याचा माल अडवू शकतो, इतके हे जाळे आता घट्ट विणलेले आहे. नॉटपेट्याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एका जुन्या मशीनमध्ये शिरून तो तिथल्या मेमरीतून ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड उचलत असे आणि त्याच्या जोरावर अपडेट लावलेल्या मशीनमध्येही घुसत असे. कोपऱ्यातला एक दुर्लक्षित सर्व्हर असा सगळ्या कार्यालयाला गोत्यात आणतो.

तरीही जुने सर्व्हर टिकून राहतात, आणि ते केवळ आळसामुळे नाही. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा ठिकाणच्या पतसंस्थेत किंवा महाविद्यालयात सर्व्हर एकदा घेतला की तो वर्षानुवर्षे चालवावा लागतो. त्यावरचे सॉफ्टवेअर ज्याने बनवले त्याने धंदा बदललेला असतो आणि नव्या विंडोजवर ते चालेल याची हमी कुणी देत नाही. मराठी कार्यालयांत एक खास अडचण असते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्री-लिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप होत असे. सभासदांची नावे त्या सांकेतिक रूपात साठवलेली असतील, तर नव्या प्रणालीत ती निरर्थक अक्षरे होऊन उमटतात आणि सगळी नावे रूपांतरित करून तपासावी लागतात. या कामाला पैसा आणि माणूस दोन्ही लागतात. म्हणून नवा सर्व्हर येईपर्यंत जुना सांभाळणे हे कमीपणाचे काम नव्हे. ते नीट केले पाहिजे.

सुरुवात बॅकअपपासून होते. डेटाबेस आणि संपूर्ण सिस्टिम यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, डिस्क सर्व्हरपासून काढून वेगळी ठेवायची आणि ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणे हा निव्वळ जुगार आहे. मग सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का ते बघायचे, कारण जुन्या सर्व्हरवर अपडेट अर्ध्यात अडकण्याचे ते नेहमीचे कारण असते. सर्व्हरची तारीख आणि वेळही बरोबर हवी. ती चुकली तर प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि डाउनलोडच होत नाही.

खरी मेख अपडेट लावण्याच्या क्रमात आहे. सर्व्हर २००८ आर२ हे त्याचे चांगले उदाहरण. त्यावर आधी सर्व्हिस पॅक १ लागतो. अपडेट खरे आहे हे ओळखण्यासाठी त्यावर डिजिटल सही असते, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुनी एसएचए-१ पद्धत सोडून एसएचए-२ ची सही वापरायला सुरुवात केली. ती ओळखण्याची क्षमता जुन्या सर्व्हरमध्ये मुळात नव्हती. त्यासाठी केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही दोन अपडेट आधी लावावी लागतात. ती नसतील तर पुढचे प्रत्येक अपडेट नाकारले जाते. कित्येक ठिकाणी ‘या सर्व्हरवर अपडेट लागतच नाही’ म्हणून प्रयत्न सोडून दिले जातात, तिथे बहुधा हीच पायरी राहिलेली असते. ही अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणता येतात; जुन्या सर्व्हरवर ब्राउझर उघडण्याची गरज नाही आणि तो उघडूही नये.

मुदत संपल्यानंतरची अपडेट पैसे मोजून मिळतात. सर्व्हर २०१२ साठी ही विस्तारित योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. सर्व्हर त्या योजनेत घेतल्यावरच ती अपडेट लागतात. सेंटओएसच्या बाबतीत वेगळाच गैरसमज होतो. मुदतीनंतर त्याची पॅकेजे ‘व्हॉल्ट’ या जुन्या साठ्यात हलवली गेली. पत्ता बदलून तिकडे वळवले की पॅकेजे उतरवणारी यम कमांड पुन्हा चालू लागते आणि सगळे ठीक झाल्यासारखे वाटते. पण त्या साठ्यात नवी दुरुस्ती येत नाही. तिथून मिळते ते मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचेच, आणि त्यानंतर सापडलेल्या चुका तशाच उघड्या राहतात. तिथे अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स अशा अपडेट मिळणाऱ्या प्रणालीकडे जाणे हा मार्ग.

अपडेट लावण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी लागते. मार्चअखेरीचे हिशेब चालू असताना हे काम काढू नये. रीस्टार्टच्या वेळी फाइल बदलत असताना वीज गेली तर सर्व्हर पुन्हा सुरू न होण्याची भीती असते. जुन्या यंत्राला रीस्टार्ट व्हायला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकत असेल तर आधी ती बदलावी. यवतमाळच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर चढतो. अशा दिवसांत एसी नसलेल्या खोलीत जुन्या डिस्कवर तासन्तास ताण देण्यापेक्षा सुटीच्या दिवशी पहाटे काम सुरू केलेले बरे.

जिथे अपडेट मिळणेच संपले आहे, तिथे सर्व्हरच्या वाटा बंद कराव्या लागतात. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करणे, ४४५ आणि ३३८९ हे पोर्ट बाहेरून पूर्ण अडवणे, सर्व्हरला इंटरनेटपासून तोडून फक्त गरजेच्या संगणकांशी बोलू देणे, त्यावरचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड इतर कुठेही न वापरणे. यातला ३३८९ हा दुरून सर्व्हर चालवण्याचा पोर्ट. बाहेरगावच्या इंजिनिअरच्या सोयीसाठी तो अनेकदा उघडा ठेवला जातो. त्याच सेवेतली ब्लूकीप ही चूक १४ मे २०१९ रोजी जाहीर झाली. ती पासवर्डशिवाय आत शिरू देणारी होती, आणि सर्व्हर २००३ व २००८ दोन्हींत होती.

नागरी सहकारी बँकांसाठी सर्व्हरची सुरक्षा ही ऐच्छिक बाब उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांच्यासाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत त्याची माहिती कळवावी लागते, आणि यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात.

काम झाल्यावर रीस्टार्ट झालेला सर्व्हर तसाच सोडून जाऊ नये. अपडेटच्या यादीत नवा क्रमांक दिसतो का, इव्हेंट लॉगमध्ये लाल खुणा आहेत का, डेटाबेसची सेवा आपोआप सुरू झाली का, हे पाहावे. त्यानंतर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडून एक खरी पावती आणि एक खातेउतारा काढून घ्यावा. बिघाड निघाला तर ते अपडेट काढता येते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर बॅकअपवरून सर्व्हर पूर्वस्थितीत आणता येतो. कोणते अपडेट कधी लावले, कोणी लावले आणि कोणते राहिले, याची नोंद सर्व्हरशेजारच्या वहीत ठेवली की पुढच्या महिन्याचे काम तिथूनच सुरू होते.