ज्वालामुखी आधी, कथा मागाहून

दिग्दर्शक किंग विडॉरने आपल्या आत्मचरित्रात निर्माता डेव्हिड सेल्झनिकच्या एका फर्मानाची हकीकत सांगितली आहे. कथा कुठलीही घ्या, अटी दोनच: सिनेमाचं नाव ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ असायला हवं आणि शेवटी डोलोरेस डेल रिओने धगधगत्या ज्वालामुखीत उडी घ्यायला हवी. आरकेओ स्टुडिओचा हा सिनेमा १९३२ साली पडद्यावर आला आणि शेवट ठरल्याप्रमाणेच झाला. विडॉरने हकीकतीला थोडं तिखटमीठ लावलं असेलही, पण हॉलिवूडच्या बेटपटांचं मर्म तिच्यात अचूक सापडतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची तीसेक वर्षं हे सिनेमे येत राहिले. दक्षिण समुद्रातलं बेट, जहाजातून उतरलेला गोरा तरुण, टोळीप्रमुखाची मुलगी, मोडू नये असा एखादा निषेध आणि शेवटी वादळ, ज्वालामुखी किंवा शार्क. हे शेवटचं संकट सहसा नेत्रसुखासाठी घातलेला मसाला समजलं जातं. माझ्या मते या कथाप्रकाराचा सगळा हिशेब तिथेच मिटवला जातो. गोऱ्या पुरुषाने बेटावरच्या स्त्रीवर प्रेम करावं, ते प्रेक्षकाला आवडावं, पण त्याचा संसार काही होऊ नये, हा पेच सोडवायला कुणीतरी लागतं. माणसांवर दोष येऊ नये म्हणून ते काम निसर्गाकडे सोपवलेलं असतं.

पुरावा म्हणून कोण मरतं आणि कोण वाचतं, एवढंच पाहावं. ‘व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज’ (१९२८) हा एमजीएमचा ताहितीत चित्रित झालेला सिनेमा. रॉबर्ट फ्लॅहर्टीने तो सुरू केला आणि डब्ल्यू. एस. व्हॅन डाइकने पुरा केला. मोत्यांच्या व्यापाऱ्यांवर त्यात इतकी कडक टीका आहे की आजही आश्चर्य वाटावं. त्यातला दारुडा डॉक्टर बेटावरच्या मुलीशी लग्न करून माणसात येतो आणि अखेर व्यापाऱ्यांच्या हातून मरतो. ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’मध्ये नायक तापाने फणफणतो, त्याला बोटीवर नेतात आणि नायिका ल्युआना त्याच्यासाठी पेले देवीच्या मुखात जाते. पेले ही हवाईची ज्वालामुखीदेवी खरी. पण तरुणींना तिच्या मुखात लोटण्याची प्रथा हवाईच्या परंपरेत सापडत नाही. ती प्रथा न्यू यॉर्कच्या रंगभूमीवरून आली: मूळ नाटक रिचर्ड वॉल्टन टलीचं, १९१२चं. १९५१ साली फॉक्सने डेब्रा पॅजेटला घेऊन रंगीत आवृत्ती काढली. मधे महायुद्ध होऊन गेलं होतं, पण ज्वालामुखी जागचा हलला नव्हता.

आता उलट उदाहरण, आणि तेच मला सगळ्यात बोलकं वाटतं. जॉन फोर्डच्या ‘द हरिकेन’ (१९३७) मध्ये तेरांगी आणि मारामा हे प्रेमी दोघंही बेटावरचेच. म्हणजे कथेपुरते, पडद्यावर कॅलिफोर्नियात जन्मलेला जॉन हॉल आणि न्यू ऑर्लिन्सची डोरोथी लॅमूर होती. तेरांगी ताहितीत एका उर्मट गोऱ्याला ठोसा मारतो, सहा महिन्यांची शिक्षा होते, पळण्याच्या प्रत्येक प्रयत्नागणिक ती वाढत सोळा वर्षांवर जाते. फ्रेंच गव्हर्नर कायद्याच्या अक्षरापासून तसूभर ढळत नाही. मग वादळ येतं. या वादळासाठी स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या जेम्स बसेव्हीने गोल्डविन स्टुडिओच्या आवारात अख्खं गाव आणि खाजण बांधलं. बांधायला दीड लाख डॉलर आणि मोडायला अडीच लाख, असा हिशेब तेव्हा छापून आला होता. विमानाचे पंखे आणि पाण्याचे लोट यांनी त्याने चर्चसकट ते गाव धुऊन काढलं. ते दृश्य आजही थरकाप उडवतं, पण मुद्दा वेगळा आहे. इथे वादळ प्रेमिकांना सोडतं आणि कायद्याला बुडवतं. शेवटी गव्हर्नरला दुर्बिणीतून त्यांची होडी दिसते. तो एक तरंगता ओंडका आहे, असं त्याची बायको सांगते आणि तो ते मान्य करतो. लग्नाच्या जोडीत गोरं कुणी नव्हतं, म्हणून प्रलयालाही दयामाया दाखवता आली.

यावर पहिला आक्षेप असा की दोष कथाप्रकाराचा नव्हे, सेन्सॉरच्या नियमांचा. हेज संहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशांतल्या शरीरसंबंधांना मज्जाव होता आणि १९३४पासून तिचा अंमल कडक झाला, हे खरं. पण ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ त्याच्या दोन वर्षं आधीचा, टलीचं नाटक तर वीसेक वर्षं आधीचं. संहितेने जुनी सवयच कागदावर आणली. शिवाय पॉलिनेशियन माणसं गोरी की काळी, याबद्दल स्टुडिओंनी सोयीस्कर संदिग्धता पाळली: भूमिका बेटावरच्या स्त्रीची, अभिनेत्री मेक्सिकन वंशाची. रॅकेल टोरेस, डेल रिओ, मोव्हिटा, ही यादी योगायोगाची म्हणावी तर फारच सलग आहे. दुसरा आक्षेप मंदीचा: पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या प्रेक्षकाला दोन तास विसर हवा होता, त्यात एवढं काय शोधायचं? पण नुसता विसरच विकायचा असता तर सुखान्त अधिक खपला असता. नायिकेला लाव्ह्यात ढकलून कुणाच्या मंदीचं दुःख हलकं होतं?

तिसरा आक्षेप ‘टाबू’चा (१९३१), आणि तो वजनदार आहे. दिग्दर्शक मुर्नाऊच्या या सिनेमात गोरा नायक नाही, बोरा बोरावरची माणसंच पडद्यावर आहेत, तरी नायक मातही समुद्रात बुडतो. माझा नियम इथे लागू पडत नाही, हे मान्यच करतो. मात्र हा सिनेमा स्टुडिओबाहेर, मुर्नाऊच्या स्वतःच्या पैशाने झाला आणि पॅरामाउंटने फक्त वितरित केला. त्यातला शेवट आकाशातून कोसळत नाही. एकीकडे म्हातारा धर्माधिकारी, दुसरीकडे पैशाचा व्यवहारच न कळल्यामुळे सही करून ओढवून घेतलेलं कर्ज, यांच्या कात्रीत मातही आणि त्याची प्रेयसी सापडतात. मारेकरी चेहऱ्यांनिशी समोर उभे आहेत. नेमकी हीच गोष्ट स्टुडिओचे बेटपट टाळत होते.

एमजीएमच्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’मध्ये (१९३५) तर एकाच कथेत दोन्ही निकाल दिसतात. जहाजावरचा तरुण बायम इंग्लंडला परततो आणि त्याची बेटावरची प्रेयसी तेहानी मागे राहते. बंडाचा म्होरक्या ख्रिश्चन याला बेटावरची माइमिती मिळते, पण पिटकेर्नच्या किनाऱ्यावर जहाज जाळून परतीची वाट मिटवल्यावरच. ‘साउथ पॅसिफिक’ (१९५८) वंशद्वेषाविरुद्ध उघडपणे बोलतो, तरीही टोंकिनी लियाटवर प्रेम करणारा लेफ्टनंट केबल मोहिमेत मरतो आणि लग्नाच्या वाटेवर उरतात ते नेली आणि एमिल, दोघंही गोरे. एमिलची पॉलिनेशियन बायको कथेच्या आधीच वारलेली. १९६२च्या ‘म्युटिनी’त तर मार्लन ब्रँडोचा ख्रिश्चनही जळत्या जहाजापायी प्राण सोडतो. खुद्द ब्रँडोला मात्र पटकथेची ही सक्ती नव्हती. १९३५च्या सिनेमात तेहानी झालेल्या मोव्हिटाशी त्याने १९६० साली लग्न केलं होतं. तिच्यानंतर त्याने संसार मांडला तो नव्या सिनेमात त्याची माइमिती झालेल्या ताहितीच्या तारिताशी, आणि ताहितीजवळचं तेतियारोआ हे बेटही घेतलं.