मोकळी जागा – १४ : पाठीची भिंत

वेलींचा मांडव या आठवड्यात येणार होता. तो येत नाही. राहाता तालुक्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं, सोबत फोटो, आणि त्या फोटोने माझा आठवडा खाल्ला. वीस गुंठ्यांची बाग. कडेने जुन्या पेरूची चार-सहा झाडं राखलेली, मध्ये कडुनिंब, बाकी हिरवळ. आणि चौदा खुर्च्या, एक झोपाळा, तीन सिमेंटची बाकं असं सगळं सामान कंपाउंडला पाठ लावून ओळीने मांडलेलं. ताई लिहितात, "एवढी जागा, एवढा खर्च, पण पाहुणे दहा मिनिटं बसतात आणि एकेक करून स्वयंपाकघरात येतात. बागेत कुणी टिकत नाही. काय चुकलं?"

ताई, चुकलं काहीच नाही. आपण सगळे असंच मांडतो. वरात यायला उशीर झाला की मुलीकडची मंडळी मांडवात जशी कडेकडेने बसून राहतात, तशाच आपल्या बागेतल्या खुर्च्या. कोण येणार आहे कुणास ठाऊक, पण सगळ्यांचं तोंड मधल्या रिकाम्या जागेकडे.

ही सवय आली कुठून, यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. माझं उत्तर असं, की आपल्या अंगणाचा मधला भाग बसायचा नव्हताच. तो कामाचा होता. आमच्या पारनेरकडच्या वस्तीवर मध्ये खळं. तिथे ज्वारी-बाजरीची मळणी, मग उफणणी, उन्हाळ्यात कुरडया-पापड, लग्न निघालं की मांडव. बसणारा माणूस म्हणजे कामातून उठलेला माणूस, त्याने कडेला व्हावं. आता खळं गेलं, तिथे लॉन आलं, लॉनवर कुणी काही वाळवत नाही. पण कडेला व्हायची सवय काही गेलेली नाही.

कडेला बसलं की काय होतं, हे फार लांबच्या एका माणसाने मोजून पाहिलं. हम्फ्री ऑस्मंड नावाचे मानसोपचारतज्ज्ञ १९५०च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एक रुग्णालय सांभाळत. तिथे वृद्ध बायकांसाठी एक छान, उजेडाचा, नवा वॉर्ड केलेला. तरी बायका दिवसेंदिवस गप्पगप्प. ऑस्मंड यांनी रॉबर्ट सॉमर या तरुण मानसशास्त्रज्ञाला कामाला लावलं. सॉमरने आधी उपाहारगृहातल्या टेबलांवर कोण कुणाशी बोलतं ते टिपलं. टेबलाच्या कोपऱ्यावर काटकोनात बसलेली माणसं शेजारीशेजारी बसलेल्यांच्या दुप्पट बोलत होती, आणि शेजारची माणसं समोरासमोरच्यांच्या तिप्पट. मग वॉर्डातल्या भिंतीकडेच्या खुर्च्या काढून छोट्या टेबलांभोवती लावल्या. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर बोलणं दुप्पट झालं होतं. औषध तेच, बायका त्याच.

हे वाचल्यापासून मी कुठल्याही बागेत गेलो की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दोन खुर्च्या काटकोनात वळवतो. यजमानांना वाटतं, ह्याला ऊन लागतंय.

आता ताईंचा खरा प्रश्न. वीस गुंठ्यांत दहाजण दहा ठिकाणी हरवतात, मग जागा तोडायची कशी? कुंपण घालायचं का, मेंदीची वई लावायची का? लावा, पण आपल्या मुरमाड जमिनीत वई कमरेइतकी व्हायला वर्षं जातात. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ नेहरू कैदेत होते. फुलांचे वाफे करताना लागलेल्या मातीबद्दल त्यांनी तिथेच लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'मध्ये लिहिलं आहे. माती वाईट, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या राड्यारोड्याने भरलेली. ज्यांच्याकडे तेवढी सक्तीची सवड नाही, त्यांच्यासाठी खुर्ची आहे. खुर्चीची पाठ ही भिंतच असते. फरक इतकाच, की ती संध्याकाळी उचलून दुसरीकडे नेता येते.

करून पाहा. दोन माणसांचं एक बाक हिरवळीच्या मधोमध ठेवा, भिंतीकडे तोंड करून. लगेच बाकाच्या पुढची जागा 'आतली' होते आणि मागची 'बाहेरची'. मागून जाणारा माणूस आपोआप वळसा घालतो. बाकासमोर काटकोनात दोन खुर्च्या ठेवल्या की झाली खोली, बारा फूट बाय बारा. पाठीमागे तीन-साडेतीन फूट वाट सोडा, नाहीतर चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्याची तारांबळ होते. दुसरी बैठक करायची तर तिचीही पाठ पहिलीकडे फिरवा. दोन्ही बैठका एकमेकींकडे तोंड करून मांडल्या तर पुन्हा एकच मांडव होतो.

इथे मला फराहबागेत जायलाच हवं. नेहमीचे वाचक म्हणतील, आलाच हा शेवटी निजामशाहीवर. येणारच. नगरच्या आग्नेयेला तळ्याच्या मधोमध उभा केलेला तो अष्टकोनी महाल. एकदा बांधून झाला, तो मुर्तजा निजामशहाला पसंत पडला नाही, म्हणून पाडून पुन्हा बांधायला घेतला आणि १५८३ साली पुरा झाला. पुरा करणारा सलाबतखान म्हणजे तोच, ज्याच्या डोंगरावरच्या कबरीला आपण सगळे चांदबीबीचा महाल म्हणतो. तर एवढा महाल, मध्ये घुमटाखाली उंच दालन, भोवती पाणी, त्यापलीकडे बाग. आणि या राजाला काय हवं होतं? दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळायचं होतं. त्या गवयाला राजा फतेहशाह म्हणे, आणि त्याच्यासाठी त्याने बागेतच एक वेगळा 'लकड महाल' बांधला, असं जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. मी तो शोधत दोनदा फिरलो. मला सापडला नाही, पायाला काटे मात्र सापडले.

पण गंमत बघा. ज्याच्या हाताशी एवढं दालन होतं, त्यालाही दोन माणसांसाठी वेगळा आडोसा लागला. पट मांडायला दोन हात जागा पुरते. उरलेला महाल त्या दोघांच्या पाठीवर नुसता ओझं होतो. मोठ्या बागेत माणसं टिकत नाहीत ती याच कारणाने. चौदा खुर्च्यांची एक बैठक कुणालाच नको असते. दोघांची एक, पाचांची एक आणि एकट्याची एक, अशा हव्या असतात. एकट्याची तर आपण कधीच मांडत नाही. एकच खुर्ची ठेवली की घरात काही बिनसलंय की काय, असं शेजाऱ्यांना वाटतं.

त्या काळी खुर्च्यांचा फारसा रिवाज नव्हता. गालिचा अंथरला, लोड-तक्के टाकले की तेवढी जमीन दरबार. गुंडाळला की पुन्हा बाग. 'बैठक' हा आपला शब्द तिथलाच, तो सामानाचाही आहे आणि माणसं जमण्याचाही. आणि ही युक्ती काही राजांचीच नव्हती. आपल्या जिल्ह्यात मेंढरांमागे फिरणारा धनगर माळावर घोंगडी टाकतो तेव्हा त्या उघड्या माळात त्याचं घर तयार होतं. तुम्ही भेटायला गेलात तर घोंगडीच्या काठाशी थांबता आणि चप्पल काढता. ना दार, ना उंबरा. पण चप्पल काढली म्हणजे तुम्ही आत आलात. इतकी पक्की भिंत मी कुठल्या वास्तुविशारदाच्या नकाशात पाहिलेली नाही. म्हणून मी सांगत असतो, की एक बैठक तरी जमिनीपासून वीतभर उंच करा, शहाबादी फरशी टाका, चप्पल काढून चढायची ठेवा. हिरवळीवरच्या खुर्चीत माणूस पाव तास बसतो, ओट्यावर मांडी घालून तासभर.

पाठ फिरवण्याचा सगळ्यात हुशार नमुना मात्र गावोगाव उभा आहे, तो म्हणजे पार. पारावरची माणसं कशी बसतात ते कधी नीट पाहिलंय? बुंध्याला पाठ, तोंड बाहेर. सगळ्यांचं तोंड वेगळ्या दिशेला. ऑस्मंडने अशा मांडणीला माणसं तोडणारी म्हटलं आणि रेल्वेच्या प्रतीक्षालयाचं उदाहरण दिलं. त्यांनी आमच्या गावचा पार पाहिला असता तर दुसरी बाजूही लिहिली असती. आमच्याकडे संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला म्हातारी मंडळी, कारण तिकडे सावली. दक्षिणेला पत्त्यांचा डाव. मागे मोबाइलवर वाकलेली पोरं. मध्ये वडाचा बुंधा, म्हणून म्हाताऱ्यांना पोरं दिसत नाहीत आणि पोरांना तेच हवं असतं. एका चौथऱ्याच्या खर्चात तीन खोल्या. ताईंच्या बागेत मधोमध कडुनिंब आहे आणि त्याच्याखाली एकही आसन नाही, हे मला त्या फोटोत सगळ्यात जास्त टोचलं. चौकोनी पार बांधा. फक्त बुंध्याला भिडवून सिमेंट ओतू नका. दोन-तीन फूट माती उघडी ठेवा, मुळांना पाणी आणि वारा लागतो.

राहिलं वजन. आमचे आबा बाज दिवसातून तीनदा हलवत. हिवाळ्यात सकाळी उन्हात, दुपारी निंबाखाली, रात्री अंगणात. आपल्याकडे सावली सरकते तशी बैठक सरकली पाहिजे, म्हणून सामान हलकं हवं. न्यूयॉर्कच्या पेली पार्कमध्ये विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी पाहिलं, की सुटी खुर्ची असली तर माणूस बसण्याआधी ती चार बोटं सरकवतो, गरज नसली तरी. जागा आपली करायची ती रीत. सिमेंटचं बाक कोण सरकवणार? त्यावर देणगीदाराचं नाव वाचायचं आणि पुढे जायचं.

पण हलकं म्हणजे किती हलकं? आषाढातला पश्चिमेचा वारा सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरवतो, तो प्लास्टिकच्या खुर्चीला काय जुमानणार. माझ्या दोन खुर्च्या एका रात्रीत विहिरीत गेल्या. एक गळाने काढली. दुसरी अजून तरंगते, तिच्यावर बेडूक बसतो. त्यानंतर मी हौसेने लोखंडी सेट आणला. एप्रिलमध्ये दुपारी त्यावर बसलेला पाहुणा ज्या वेगाने उठला, तो वेग मी बागेत दुसऱ्या कशातच पाहिला नाही. आता माझ्याकडे बाभळीच्या लाकडाची, नवारीने विणलेली चार आसनं आहेत. एकटा माणूस उचलू शकतो, वारा उचलू शकत नाही.

पत्राला उत्तर लिहिण्यापेक्षा मी रविवारी राहात्याला जाऊनच आलो. ताई, त्यांचे यजमान आणि मी, तिघांनी मिळून दोन तासांत सगळं हलवलं. निंबाखाली चटई टाकली, पार होईपर्यंत. पेरूंच्या मध्ये दोघांची बैठक, घराकडे पाठ करून. झोपाळा भिंतीवरून काढून आडवा घातला, त्याच्या मागे पोरांची जागा. चहा निंबाखाली झाला, दुसरा चहाही तिथेच.

ताईंचे सासरे हे सगळं ओट्यावरून बघत होते. आम्ही हात धुवायला गेलो तेवढ्यात ते उतरले, पेरूतली एक खुर्ची उचलली आणि कंपाउंडला, अगदी जुन्या जागी, पाठ लावून बसले. ताई ओशाळल्या. मी जाऊन शेजारी उभा राहिलो तर तिथून फाटक दिसत होतं, रस्त्यावरची एसटी दिसत होती, आणि उसाची ट्रॉली कुणाची चालली तेही. त्यांची खुर्ची तिथेच राहू द्या, म्हटलं. फक्त दुसरी एक आणली आणि तिच्याशी काटकोनात ठेवली. निघालो तेव्हा त्या दुसरीवर घरचा कुत्रा चढून बसला होता आणि आजोबा त्याला कुणाची तरी ट्रॉली दाखवत होते.

मांडव पुढच्या आठवड्यात. मधुमालती की कृष्णकमळ, यावर तीन पत्रं आलेली आहेत.